‘थांबा’ म्हटलं की थांबायचं

फोन आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. कॅज्युअल्टीच्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, या. एक मुलगी आलीय. आत्या आहे बरोबर. बोलत नाहीये.” फोनवर आम्ही याहून जास्त बोलत नाही. सांगली कितीही वाढली तरी इथं दर तिसरा माणूस कुणाचा तरी पाहुणा निघतोच, आणि जिन्यात बोललेलं टपरीवर पोचायला वेळ लागत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. लैंगिक अत्याचार झालेली बाई किंवा मूल आलं, की वैद्यकीय तपासणी होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांच्यासोबत राहायचं, हे माझं काम. इथं लिहिताना गाव, वय, नाती बदलली आहेत. अशा मुलीची ओळख पटेल असं काही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी बदललंच असतं.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. रात्रीसुद्धा उकडत होतं, तरी ती अंगाभोवती शाल घट्ट आवळून बाकाच्या टोकाला बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची. मी मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. नाव सांगितलं. म्हटलं, “मी डॉक्टर नाही, पोलीसही नाही. आज रात्रभर तुझ्याबरोबर आहे. काय झालं ते मला सांगायची गरज नाही.” त्यावर तिनं पहिल्यांदा मान वर केली.

काय झालं हे आपण विचारायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. डॉक्टरांना विचारावंच लागतं, कारण कुठं काय शोधायचं ते त्यावर ठरतं. पोलिसांना विचारावं लागतं. पुढं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो, मग कोर्टात उलटतपासणी. त्याआधी घरात दोघी-तिघींना सांगून झालेलं असतं. त्यात आणखी एक कान माझा कशाला? तिच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते मला आजही तुटकच ठाऊक आहे, डॉक्टरांना सांगताना कानावर पडलं तेवढंच.

आत्या मात्र बोलायची थांबत नव्हती. द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणारी बाई, हातावर छाटणीचे ओरखडे. “बाई, हिनं काल डोक्यावरनं आंघोळ केलीया. आज दुपारी मला सांगितलं. आता काय घावणार हाय? उगं पोरीची आणि इटंबना.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “दुपारी एका दवाखान्यात न्हेलं हुतं. ते म्हणालं, आधी पोलिसांचं पत्र आणा, मग हात लावतो.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, तरी दरवेळी अंगाचा तिळपापड होतो. दवाखाना सरकारी असो वा खासगी, अशा रुग्णाला ताबडतोब आणि फुकट उपचार द्यावे लागतात आणि पोलिसांना वर्दी दवाखान्यानं स्वतः द्यायची असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये ते लिहिलंय. टाळाटाळ केली तर न्याय संहितेच्या कलम 200 खाली 1 वर्षापर्यंतचा तुरुंगवास आहे. त्या दवाखान्यातल्या माणसाला हे ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून कोर्टाची पायरी चढायची नसेल. काहीही असो, त्या एका वाक्यानं तिचे सात-आठ तास खाल्ले. या कामात तास मोजावे लागतात.

आत्याला मी ते तासच समजावून सांगितले. शरीरावरचे आणि आतले नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतले जातात. आंघोळीनं काही धुऊन जातं, सगळं जात नाही. कपड्यांवरचे डाग तर त्यानंतरही मिळू शकतात. आंघोळ केली, लघवीला गेली, दात घासले, हे सगळं डॉक्टर लिहून ठेवतात, म्हणजे उद्या काही सापडलं नाही तर ते का सापडलं नाही याचं उत्तर कागदावरच असतं. आणि मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “आंघोळ केली यात तिचं काही चुकलं नाही. कुणीही पहिली तीच करेल.”

“कपडे?” मी विचारलं. सलवार-कमीज धुतलेली. निकर धुवायचं धाडस तिला झालं नव्हतं. तिनं ती कॅरीबॅगमध्ये घालून, गाठ मारून, पत्र्याच्या पेटीमागं टाकली होती, आणि आत्यानं निघताना आठवणीनं ती पिशवी उचलली होती. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे सुचलं. फक्त प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना कुजतो, म्हणून ती पिशवी आम्ही तशीच डॉक्टरांच्या हाती दिली. पुढं ते कापड वाळवून कागदी पाकिटात गेलं.

इथं माझी एक जुनी चूक सांगायला हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई शेतातून थेट आमच्याकडं आली. हाताला माती, नखांत माती. मला तिला चहा द्यायचा होता. मी मायेनं तिला बेसिनपाशी नेलं, साबण दिला, हात धुवायला लावले. डॉक्टर आल्या, तिची बोटं बघितली आणि माझ्याकडं बघितलं. तिनं त्या माणसाला ओरबाडलं होतं. नखांखाली जे काही असेल ते मी माझ्या हातानं गटारात घालवलं होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फॉर्मवर “हात धुतलेले” असं लिहिलं आणि तरीही दोन्ही हातांची नखं खरवडून वेगवेगळ्या पाकिटांत घातली. त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. तेव्हापासून तोंडातला नमुना आणि नखं झाल्याशिवाय मी कुणाला चहा-पाणी देत नाही, आणि का देत नाही ते सांगते. तहानलेल्या माणसाला थांबवून ठेवणं फार जड जातं. म्हणून डॉक्टरांना विनंती करून तोंडाचा स्वॅब सगळ्यात आधी घ्यायला लावते.

संमतीचा कागद आला. कित्येक ठिकाणी हा कागद म्हणजे “इथं सही करा” एवढाच असतो. आमच्या डॉक्टर तो वाचून दाखवतात, थांबत थांबत. उपचार वेगळे, तपासणी वेगळी, पुराव्यासाठी नमुने घेणं वेगळं, आणि यातल्या प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणता येतं. 12 वर्षांवरच्या मुलीची तपासणीला स्वतःची संमती लागते, त्याखाली पालकांची. दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, पण सज्ञान बाईला फिर्याद द्यायची नसेल तर तो नकार लेखी घेऊन एमएलसी, म्हणजे कायदेशीर प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद, करता येते, उपचार अडत नाहीत. वय 18 च्या आत असेल तर मात्र पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं कुणालाच टाळता येत नाही, आणि हे मुलीला आधीच सांगावं, नाहीतर आपण फसवलं असं तिला वाटतं. तसं एकीला वाटलंही होतं.

हिला फिर्याद द्यायची होती. सहीसाठी पेन हातात घेतल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “मधेच नको वाटलं तर?”

“तर थांबायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “तू ‘थांबा’ म्हटलंस की मी हात काढून घेणार. बोलता आलं नाही तर ताईंचा हात दाब.”

महिला पोलीस कॉन्स्टेबल दाराबाहेर बसली. तपासणीच्या खोलीत पोलीस नसतात. आत्यालाही मुलीनं बाहेर थांबायला सांगितलं. आत्याचा चेहरा पडला, पण तिनं वाद घातला नाही. आत डॉक्टर, सिस्टर, ती आणि मी.

ती खोली छोटी आहे. टेबल, पडदा, उभा दिवा, भिंतीला लाकडी रॅक. डॉक्टरांनी जमिनीवर मोठा खाकी कागद अंथरला. त्यावर उभं राहून कपडे काढायचे, म्हणजे अंगावरून केस, गवताची काडी, मातीचा कण काही पडलं तर कागदात राहतं. मग तो कागदच घडी घालून पाकिटात जातो. ऐकायला साधं वाटतं. पण परक्या लोकांसमोर, पांढऱ्या दिव्याखाली, खाकी कागदावर अनवाणी उभं राहायचं. तिची पावलं थरथरत होती आणि तो कागद करकर वाजत होता. खोलीत दुसरा आवाज नव्हता. सिस्टरनं पडद्यासारखी चादर धरली आणि आम्ही दोघींनी भिंतीकडं बघितलं. एका वेळी एकच कपडा, आणि तो काढला की लगेच गाऊन. पूर्ण उघडं कुणालाही ठेवायची गरज नसते. मी पाहिलेल्या चांगल्या डॉक्टर शरीराचा जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडतात आणि लगेच झाकतात.

मग डोक्यापासून पायापर्यंत. “आता मी तुझा डावा दंड बघते. बघू?” ती हो म्हणाली की मगच. दंडावर चार बोटांचे फिकट वण होते. डॉक्टरांनी पट्टीनं मापं घेतली, रंग लिहिला, शरीराच्या छापील आकृतीवर खूण केली. मनगट, पाठ, मांड्या. प्रत्येक वेळी आधी सांगणं, मग विचारणं, मग हात लावणं. यानं वेळ लागतो. वीस मिनिटांत उरकणारी तपासणी दीड तास चालते. कॅज्युअल्टीत चार पेशंट ताटकळत असताना डॉक्टरला हे परवडत नाही, मला मान्य आहे. तरीही मी दर बैठकीत एवढंच मागते, की या मुलींसाठी तो वेळ काढा. परवा कुणीतरी तिला न विचारता हात लावलेला असतो. आज विचारून हात लावणं हाच औषधाचा पहिला डोस असतो असं मी मानते.

पहिल्यांदा तिनं माझा हात दाबला ते कंगवा बघून. गुप्तांगावरचे केस विंचरून त्यात परके केस आहेत का ते बघतात. मी म्हटलं, “डॉक्टर, थांबा.” डॉक्टरांनी कंगवा ट्रेमध्ये ठेवला आणि दोन पावलं मागं झाल्या. कुणी काही बोललं नाही. मिनिटभरानं तीच म्हणाली, “घ्या.” दुसऱ्यांदा बाहेरच्या भागाचा स्वॅब घेताना दाबला. तेव्हाही तसंच. तिसऱ्यांदा आतून तपासायची वेळ आली, आणि ती म्हणाली, “नको. ते नको.”

डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं: आतल्या तपासणीस नकार, माहिती देऊन. वेळ घातली. तिला दाखवून सही घेतली. “बाकी सगळं झालंय. एवढं नको तर नको.”

मला मनातून वाटून गेलं की थोडं समजवावं. आतला नमुना मिळाला असता तर बळ आलं असतं, हे मलाही कळतं. बाहेर आल्यावर कॉन्स्टेबलही तेच म्हणाली, “म्याडम, केस ढिली पडेल की.” पण ज्या खोलीत आपण तिला ‘थांबा म्हटलं की थांबू’ असं सांगितलं, तिथंच तिचा नकार आमच्या सोयीचा नाही म्हणून घासाघीस करायची, हे मला जमलं नाही आणि ते बरोबरही नव्हतं. मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाल्या, “जे घेतलंय ते नीट घेतलंय.”

आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणींच्या अंगावर जखमा नसतातच. भीतीनं शरीर गोठतं, माणूस ओळखीचा असतो, धमकी पुरेशी असते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं “इजा नाही” लिहून सोडलं की कोर्टात त्याचा अर्थ “काही घडलंच नाही” असा लावला जातो. डॉक्टरांनी पुढं लिहायला हवं, की इजा नसल्या तरी अत्याचार झाला नाही असं म्हणता येत नाही. बलात्कार झाला की नाही हे ठरवणं कोर्टाचं काम आहे, डॉक्टरांचं नाही. डॉक्टरांनी काय दिसलं आणि काय घेतलं तेवढं सांगायचं.

‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का ते ठरवणं, याबद्दल इथं लिहायलाच हवं, कारण अजून बायका ती भीती पोटात घेऊन येतात. “बोटं घालून बघतात म्हणं,” असं आत्यानंही मला बाजूला घेऊन विचारलं होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद केली. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये ती चुकीची ठरवली, आणि 2022 मध्ये तर ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं. ‘शरीरसंबंधांची सवय’ या शब्दांनी आपल्या महाराष्ट्रात काय केलं ते मथुरा नावाच्या मुलीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलंय. 1972 मध्ये पोलीस ठाण्यात अत्याचार झालेली आदिवासी मुलगी, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटलेले पोलीस. त्यावरून देशभर आंदोलन पेटलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण तो शब्द लोकांच्या तोंडातून गेला नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी वस्तीतली, म्हणजे देहविक्रय करणारी एक बाई आमच्याकडं आली. तिघांनी मारलं होतं, दात पडला होता. बरोबर आलेला पोलीस तिच्या तोंडावर म्हणाला, “हिची कसली तपासणी करताय?” सर्वोच्च न्यायालयानं 2022 च्या मे महिन्यात स्पष्ट सांगितलंय, की देहविक्रय करणाऱ्या बाईवर अत्याचार झाला तर तिला इतर कुणाही इतकीच वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. मी त्याला ते सांगितलं. त्यानं खांदे उडवले. तिची तपासणी आम्ही केली, सगळी, त्याच खाकी कागदापासून. ती बाई जाताना म्हणाली, “तुम्ही मला विचारून हात लावला.” हे ऐकून मला बरं वाटलं नाही. त्यात नवल वाटावं असं काय होतं?

असो. रात्रीचे दीड वाजले होते. रक्ताच्या बाटल्या भरल्या, नखं घेतली. स्वॅब लाकडी रॅकवर वाळत लावले. ते सावलीत आपोआपच वाळावे लागतात. उन्हात नाही, हिटरपुढं नाही. ओला स्वॅब पाकिटात घातला की तो खराब झालाच. रॅक सोडून जायचं नाही म्हणून सिस्टर तिथंच स्टुलावर बसून होत्या. मग प्रत्येक पाकिटावर नाव, एमएलसी नंबर, तारीख, वेळ, कुठून घेतला ते. मेणबत्तीवर लाख वितळवून सील. त्या लाखेच्या वासानं ती दचकली. मी सांगितलं, “हे तुझंच आहे. आता हे कुणी मध्ये उघडलं तर कळेल.” ती ते तांबडे ठिपके वाळेपर्यंत बघत राहिली. कॉन्स्टेबलनं नगास नग मोजून सही केली, मुद्देमालाची पोहोच दिली. नमुने पुढं प्रयोगशाळेत जातात आणि सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, कधी येईल याची वाट बघणं हे कोर्टाच्या तारखांइतकंच लांबतं.

तिचे आणलेले कपडे जमा झाले, अंगावरचेही. आता घरी काय घालून जायचं? याचा विचार कुठल्याही फॉर्ममध्ये नाही. माझ्या कपाटात एक कापडी पिशवी असते. तीन मापांचे पंजाबी ड्रेस, नव्या निकर, पॅड, चपला, केसांची पिन. दुकानातून मी दर दिवाळीला थोडं थोडं घेऊन ठेवते, स्टाफमधल्याही देतात. दवाखान्याचा हिरवा गाऊन घालून बाई गावात उतरली की अख्ख्या गल्लीला कळतं. तिनं मातकट रंगाचा ड्रेस निवडला. मग चहा. तिनं दोन कप घेतले, पार्लेजीचा पुडा संपवला.

नंतर औषधं. धनुर्वाताचं इंजेक्शन, कावीळ बी ची लस. गर्भ राहू नये म्हणून गोळी, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि पुढं 28 दिवस रोज एक, न चुकता. डॉक्टरांनी तिच्या हातात बाटली दिली. मी वेळ ठरवून दिली, रात्री नऊ. मळमळेल, तरी सोडायची नाही. अत्याचार झालेल्यांना सरकारी आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा कागद आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मी आत्याकडं दिला. रात्री तीन वाजता त्यातलं काही डोक्यात शिरत नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी बोलावतात ते वणांसाठी. पहिल्या दिवशी न दिसलेले काळे-निळे डाग कधी कधी नंतर वर येतात. तिच्या पाठीवर दोन आले होते. डॉक्टरांनी आकृतीवर त्याचीही नोंद केली. त्या दिवशी आत्या एकटीच माझ्याशी बोलली. “ती रात्री उठून दाराची कडी बघती. चार-चारदा.” मी म्हटलं, बघू दे. हवं तर तुम्हीही तिच्याबरोबर उठा.

रोज रात्री सव्वानऊला मी तिला एक मेसेज करायचे: घेतली? तिचं उत्तर यायचं: हो. बाराव्या दिवशी उत्तर आलं नाही. फोन केला. ती म्हणाली, उलटी होते, बाटली बघितली की ते सगळं आठवतं, मला नको. मी तिला केस, कोर्ट, काही बोलले नाही. बाटली आत्याकडं ठेवू या का, एवढंच विचारलं. आत्या रोज गोळी तळहातावर ठेवून देईल, तुला बाटली दिसणारच नाही. थोडा वेळ गेला. मग तिकडून पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

28 व्या दिवशी रात्री तिनं स्वतःच फोटो पाठवला. आत्याचा ओरखडलेला तळहात, त्यावर दोन गोळ्या. खाली लिहिलं होतं: ताई, बाटलीत 30 होत्या. या दोन उरल्या. काय करू?

मी लिहिलं, सहा आठवड्यांच्या तपासणीला येशील तेव्हा घेऊन ये.

ती म्हणाली, बरं. आणि तो ड्रेस परत द्यायचा का?